तिसऱ्या घराचे काडतूस

"चाचा, त्याच्यात बघायचं काय? सही करायची अन् मला मोकळं करायचं," असे म्हणत संपत हवालदाराने फडक्यात गुंडाळलेले रिव्हॉल्वर काउंटरवर ठेवले. शेजारी एक टाइप केलेला कागद ठेवला आणि तो पंख्याने उडू नये म्हणून त्यावर आपली टोपी ठेवली.

कमरोद्दीनने कागदाकडे पाहिले नाही. त्याने आधी चष्मा पुसला, मग हात पुसले, मग सावकाश फडक्याची गाठ सोडली. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला घाई करून चालत नाही. जो घाई करतो तो फार दिवस पाचही बोटांनी जेवत नाही. कमरोद्दीन बासष्ट वर्षांचा होता आणि त्याची सगळी बोटे जागेवर होती.

दुर्गाबाई समोरच्या बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. पहाटेच्या एसटीने ती हवालदाराबरोबरच आली होती, पण सगळ्या वाटेत त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

पंच्याण्णव सालचा एप्रिल होता. निवडणूक आटोपली होती आणि निवडणुकीआधी ठाण्यात जमा करून घेतलेली परवान्याची हत्यारे ज्याची त्याला परत मिळत होती. दुर्गाबाईलाही रिव्हॉल्वर परत मिळत होते, फक्त ते तिचे नव्हते. निदान ती तसे म्हणत होती. ठाणे म्हणत होते, तेच आहे, तीन महिन्यांत जरा गंजले आहे. शेवटी ती ठाण्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली आणि म्हणाली, जालन्याचे कमरोद्दीनचाचा म्हणतील तेच म्हणून, तर घेते. ठाण्याने हे आनंदाने कबूल केले. हत्यारे दुरुस्त करायचा परवाना असलेला तो एकटाच म्हातारा आता उरला होता, आणि त्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अहवाल दर डिसेंबरला पोलिसांकडूनच वर जात होता. असा माणूस सही करणार नाही, हे कुणाच्या स्वप्नातही आले नाही.

कमरोद्दीनने फडके बाजूला केले आणि रिव्हॉल्वर उजेडात धरले. तसेच विलायती, तेवढ्याच लांबीचे, तसेच जड. बाकीच्या जगाला दोन्ही सारखीच दिसली असती.

पण दुर्गाबाईचे खरे रिव्हॉल्वर कमरोद्दीन जितके ओळखत होता तितके कुणी आपल्या जावयालाही ओळखत नसेल.

दुर्गाबाई डोंगरकडेच्या जांभळखेड्याची. गावापासून दोन मैलांवर रानात वस्ती, आणि वस्तीवर ती आणि तिच्या दोन पोरी. सासरा निजामाच्या काळचा पोलीस पाटील, रिव्हॉल्वर त्याचे. त्याच्यानंतर ते धर्मराजकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे आले. चौऱ्याऐंशी साली धर्मराज साप चावून गेला तेव्हा सगळे गाव म्हणाले, आता जमा करून टाक ते. कचेरीतला कारकून तर हसलाच होता.

"बाईमाणसाला रिव्हॉल्वर काय करायचं?"

"बाईमाणूस एकटं राह्यतं, म्हणून तर पायजे," ती म्हणाली होती.

तीन वर्षे चपला झिजवून तिने परवाना आपल्या नावावर करून घेतला. मग कचेरीने नवीन खोडा घातला. गोळ्या नसलेले रिव्हॉल्वर म्हणजे भंगार, आणि भंगाराला परवाना कशाला?

गोळ्या तर खरेच नव्हत्या. त्या जुन्या विलायती मापाची जाड गोळी कुठे मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. मुंबईच्या आणि हैदराबादच्या दुकानदारांनी तिने लिहवून घेतलेल्या पत्रांना उत्तरही दिले नाही. तेव्हा कुणीतरी तिला कमरोद्दीनचे दुकान सांगितले. त्याच्याकडे बारा बोअरची काडतुसे भरून द्यायचा परवाना होता. हसनाबाद, धावडा, पार डोंगरापर्यंतचे शेतकरी रानडुकरांसाठी त्याच्याकडून काडतुसे नेत. तिचे रिव्हॉल्वर हातात घेऊन तो म्हणाला, "उडालेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या भेटल्या तर बाकीचं माझ्यावर सोडा." आणि पुढचे चार महिने या वाक्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

जिथे कुणी रिटायर फौजी राहत असेल तिथे तो गेला. औरंगाबादच्या छावणीत, जुन्या बंगल्यांच्या मागच्या दारी, भंगारवाल्यांच्या गोण्यांत. कुठे मिळाली तर एखादी, तीही चिरलेली. शेवटी एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलच्या वजनकाट्यावरच्या कडूबाने निरोप धाडला. कुठल्या तरी लष्करी मैदानावरचे भंगार आले होते आणि त्यात पितळ होते. मिलवाल्याला लोखंड हवे, पितळ नको, म्हणून निवडणाऱ्या बाया ते बाजूला टाकत होत्या. कमरोद्दीन दोन दिवस त्या बायांच्या ओळीत उकिडवा बसला आणि ढिगातून एकतीस पुंगळ्या निवडून उठला. सात निकामी निघाल्या, चोवीस कामाच्या. घरी नेण्याआधी त्याने त्या कचेरीत नेऊन दाखवल्या, नोंदवल्या, आणि चोवीस काडतुसे भरायची लेखी परवानगी मिळवली. त्यासाठी अकरा खेटे घातले. कायद्याच्या बाबतीत तो पाचही वेळच्या नमाजाइतका काटेकोर होता.

शिसे ओतायचा साचा त्याने स्वतः घासून तयार केला. दारू किती घातली हे त्याने पोटच्या मुनीरलाही सांगितले नाही, तेव्हा ते इथे कुठून सांगणार.

भरताना एक अडचण आली. रिव्हॉल्वरच्या चक्रीत सहा गोळ्यांची सहा घरे असतात. त्यातल्या तिसऱ्या घरात फार पूर्वी गंज धरला होता आणि तो कमरोद्दीनच्याच बापाने खरवडून काढला होता. त्यामुळे पाच घरे विलायतेच्या मापाची आणि तिसरे जालन्याच्या मापाचे, केसभर ढिले. कमरोद्दीनने त्या घरासाठी चोवीसांतली चार काडतुसे वेगळी, केसभर जाड केली, आणि ओळखता यावीत म्हणून त्यांच्या बुडावर तीन-तीन ठिपके उठवले. मग गावाबाहेर दगडाच्या खाणीत जाऊन सहाही घरांतले एकेक काडतूस त्याने स्वतःच्या हाताने उडवून पाहिले. दुर्गाबाई मागे उभी होती. सहावा बार झाल्यावर ती म्हणाली, "आता म्हनू द्या म्हनावं भंगार."

नंतरच्या सात वर्षांत तिने एकच बार काढला होता, तोही आभाळात. रानातल्या वस्तीवर रात्री माणसे शिरली होती, ती परत आली नाहीत.

"चाचा," संपत म्हणाला, "साडेअकराची गाडी हाय."

"बाई, काडतुसं आनली का?"

दुर्गाबाईने पिशवीतून पत्र्याची डबी काढली. ठाण्याने काडतुसे मात्र तिचीच परत दिली होती, सतराच्या सतरा. काडतुसांचा आकडा नोंदवहीत असतो, त्यात कमी-जास्त झाले तर नोकरी जाते. पण कोणते काडतूस कोणत्या हत्याराचे, याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नसतो. ज्याने कुणी अदलाबदल केली त्याला वाटले असेल, गोळी ती गोळी.

कमरोद्दीनने नळी खाली मोडून चक्री उघडली. एक साधे काडतूस पहिल्या घरात सोडले, ते टक्कन आत बसले. दुसऱ्यातही बसले. संपतने सुस्कारा टाकला आणि टोपीकडे हात नेला. मग कमरोद्दीनने तीन ठिपक्यांचे काडतूस उचलले आणि तिसऱ्या घराशी नेले. ते अर्ध्यात अडले. त्याने जोर केला नाही. काढले, आणि एकेक करत सहाही घरांना लावून पाहिले. पाहुणा सगळ्या दारांत उभा राहिला, कुठेच आत गेला नाही.

"हे बघा जमादार. हे काडतूस म्या ज्या घरासाठी केलं ते घर ह्या चक्रीत न्हाईच."

"एखादं फुगलं असंल."

"तीन हायेत. तिन्ही फुगले का?" त्याने उरलेली दोन काढून त्याच्यासमोर लावून दाखवली. तीही अडली. मग त्याने रिव्हॉल्वर उलटे करून नंबराच्या जागेवर बोट फिरवले. "अन् नंबर. गंजानं आकडा गेला तर खड्डे राह्यतात. इथं तर लोणी लावल्यावानी गुळगुळीत हाय. कुनी तरी कानस मारली अन् वरून गंज चढवला. हे काम म्या वळखतो, जमादार, चाळीस वर्षं कानसच धरली."

संपत माणूस वाईट नव्हता, आणि हे कमरोद्दीनलाही ठाऊक होते. रिटायर व्हायला त्याची दोन वर्षे उरली होती आणि ती दोन वर्षे त्याला डोळे मिटून काढायची होती.

"चाचा, तुमाला समदं समजून राह्यलंय, मंग मला काऊन बोलायला लावता?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "जुनं विलायती, अस्सल. आसं आता मिळत न्हाई. मोठ्या मानसाला दिवानखान्यात ठेवायला पायजे होतं. ते जिथं गेलं तिथून वापस येत न्हाई. बाईला काय, हत्यार पायजे. हे बी हत्यारच हाय, चालतं बी."

"ह्यानं कुठं काय केलंय, तुमाला ठाव हाय?" कमरोद्दीनने विचारले. "नंबर मारून टाकलेलं हत्यार मालखान्यात कुठून येतं? उद्या ह्याच्यामागं कुनाचा खून निघाला, तर हत्यार कुनाच्या घरात? बाईच्या. अन् तेच हाय म्हनून सही कुनाची? माझी."

"एवढं कोन बघतं?"

तेव्हा दुर्गाबाई पहिल्यांदा बोलली. "संपतदादा, तुमी न्याल का हे तुमच्या घरी? तुमच्या नावावर?"

टोपी उचलून संपत तिच्या आतली पट्टी पाहत बसला.

कमरोद्दीनने टाइप केलेला कागद ओढला, उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहायला घेतले. त्याचे शिक्षण उर्दूत झालेले. मराठी अक्षरे तो एकेक जोडत, कोष्टी धागे लावतो तशी लावायचा. लिहायला वेळ लागला. दाखवलेले रिव्हॉल्वर दुर्गाबाईचे नाही, त्याच्यावरचा नंबर कानशीने घालवला आहे, आणि हे मी माझ्या हाताने भरलेल्या काडतुसांवरून सांगतो. खाली नाव, परवान्याचा क्रमांक, तारीख.

"हे म्या साहेबापुढं कसं ठेवू?" संपत म्हणाला.

"ठेवू नका. म्या रजिस्टर पोस्टानं धाडतो. एक ठान्याला, एक कचेरीला. तुमी फकस्त सांगा, म्हातारा ऐकत न्हाई."

"चाचा, डिसेंबरला तुमचा कागद आमच्याच हातून जातो."

"बिलकुल. मला ठाव हाय."

संपतने रिव्हॉल्वर पुन्हा फडक्यात बांधले. दारात तो जरा थांबला आणि गेला. दुर्गाबाईने काडतुसांची डबी पिशवीत घातली आणि कमरोद्दीनला म्हणाली, "चाचा, तुमच्यावर बालंट आनलं म्या."

"तुमी न्हाई आनलं बाई. चहा घ्या."

दुपारी मुनीर जेवायला घरी आला. तो एका बियाण्याच्या प्लांटमध्ये सुपरवायझर होता, आणि बातमी त्याला एमआयडीसीतच कळली होती. तो हात न धुताच बापासमोर बसला. घरात ते उर्दूतच बोलत.

"अब्बा, एक दस्तखत की तो बात थी."

"वोइच तो बात है."

"दुकान जाएगा."

"जाने दे. दुकान मेरे बाप का था. दस्तखत मेरी है."

"वो बाई अपनी कौन लगती?"

"गिऱ्हाइक लगती," कमरोद्दीन म्हणाला आणि त्याने भाकरी मोडली. मैमूना, मुनीरची आई, वाढता वाढता थांबली होती. तिने दोघांकडे पाहिले आणि सालन आधी नवऱ्याला वाढले. या घरात कौल देण्याची तिची ही पद्धत होती. मुनीर न जेवता उठला. तो तीन दिवस बापाशी बोलला नाही आणि चौथ्या दिवशी ऑफिसमधून बापाचा जबाब नीट टाइप करून, चार कार्बन प्रतींसह घेऊन आला. "तुमची अक्षरं कुनाला वाचता यायची न्हाईत," एवढेच मराठीत म्हणाला.

नंतर जे व्हायचे ते झाले. एकदा जीप आली. साहेबांनी खुर्चीत बसून, म्हातारपणी कशाला नाही ते लचांड, असे प्रेमाने विचारले. कमरोद्दीनने त्यांना चहा पाजला आणि तीन ठिपक्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. डिसेंबरात अहवाल वर गेला, आणि त्यात शिफारस नव्हती. जानेवारीत दुकानाला सील लागले. दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या बंदुका, दारूचा डबा, छर्रे, सगळे यादी करून नेले. यादी कमरोद्दीननेच लिहून दिली, कारण पंचांना निम्म्या वस्तूंची नावे येत नव्हती. त्याच आठवड्यात त्याने पेंटर बोलावला आणि बंद शटरवरची पाटी नव्याने रंगवून घेतली. कमरोद्दीन, बंदूक दुरुस्ती, लाल अक्षरे, पांढरी किनार. गल्लीतले लोक हसले. हसू दे, तो म्हणाला, पाटीला परवाना लागत नाही.

एवढे खरे, की त्याला दुखले. चाळीस वर्षे रोज सकाळी नऊला जो माणूस शटर वर करतो, त्याच्या हातांना नऊ वाजता काय करावे ते कळत नाही. पहिला महिना तो घरातल्या कड्या, कुलुपे, शिलाई मशीन, जे सापडेल ते उघडून तेल घालत बसला. मैमूनाने शेवटी मशीन लपवून ठेवले.

दुर्गाबाईने ते रिव्हॉल्वर घेतले नाही ते नाहीच. दर सोमवारी तिच्याकडचा बाजार असे. बाजाराआधी ती ठाण्यात जाई, व्हरांड्यातल्या बाकावर बसे आणि ड्युटीवर असेल त्याला विचारी, "माझं हत्यार आलं का?" नाही म्हटले की तासभर तशीच बसे, मग उठून बाजाराला जाई. परवान्याची मुदत संपली तेव्हा तिने तो पुन्हा वाढवून घेतला. हत्यार कुठे, या रकान्यात लिहायला लावले, ठाण्यात.

हे कमरोद्दीनला कळले तेव्हा तो पुढच्या सोमवारी सातची एसटी धरून तिथे गेला आणि बाकावर तिच्या शेजारी, मध्ये पिशवी ठेवून बसला. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेला. मग ते ठरूनच गेले. ती भाकरी आणि ठेचा आणी, तो मैमूनाने दिलेल्या खिचड्याचा डबा. बोलणे फार नसे. पाऊसपाणी, पोरींची लग्ने, मुनीरचा पोरगा. ठाण्याचे साहेब बदलले, एक, दोन, तीन. तिसऱ्याला हा प्रकार नवा होता. तो व्हरांड्यात येऊन ओरडला, "अजून किती वर्षं बसणार आहात तुम्ही?"

"परवाना जित्ता हाय तवर," दुर्गाबाई म्हणाली.

"आणि तुम्ही हो? तुमचं काय हरवलंय?"

"माझं काई न्हाई हरवलं साहेब," कमरोद्दीन म्हणाला. "म्या साक्षीदार हाय."

साहेब आत गेला. या दोघांना हाकलावे असे कोणते कलम त्याला आठवले नसावे.

सत्त्याण्णव सालच्या जूनमधला सोमवार होता. ठाण्यातले टेबल संपतकडे होते, आणि त्या महिनाअखेरीस तो रिटायर होणार होता. दोन वर्षांत तो या बाकासमोरून शंभर वेळा गेला असेल, दर वेळी मान दुसरीकडे वळवून. त्या दिवशी दुर्गाबाईने नेहमीप्रमाणे खिडकीतून विचारले, "माझं हत्यार आलं का?"

"आत या," संपत म्हणाला. "चाचा, तुमी बी."

आत दुसरे कुणी नव्हते. साहेब बंदोबस्ताला गेले होते. संपतने दोघांना खुर्च्या दिल्या. दोन वर्षांत त्या ठाण्यात त्यांना पहिल्यांदाच खुर्ची मिळत होती. मग त्याने स्टेशन डायरी पुढे ओढली. ठाण्यात जे जे घडते ते त्या डायरीत लिहायचे असते, पण या बाईचे येणे आजवर कुणीच लिहिले नव्हते. ती येत होती आणि कागदावर ती कधी आलीच नव्हती.

संपतने पेन झटकले आणि लिहायला लागला. तो फार हळू लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने डायरी त्या दोघांकडे फिरवली.

"आता हे पान कुनाला फाडता येत न्हाई," तो म्हणाला. "पानावर नंबर हाय."

कमरोद्दीनने चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचले. "श्रीमती दुर्गाबाई धर्मराज, राहणार जांभळखेडा, आज हजर. त्यांनी निवडणुकीत जमा केलेले रिव्हॉल्वर त्यांना अद्याप परत मिळालेले नाही. जे परत देऊ केले ते त्यांचे नव्हते. ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. त्या दर सोमवारी येत आहेत."

वाचून त्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत, फक्त चष्मा काढून हातात धरला. संपत खिडकीबाहेर पाहत होता.

"पेन्शन अडवतील तुमची," कमरोद्दीन म्हणाला.

"अडवू द्या."

दुर्गाबाईने डायरीवर वाकून पाहिले. तिला वाचता येत होते ते फक्त आपले नाव. ते तिने शोधले, नीट पाहिले.

"टाइम लिहिला का?" तिने विचारले.

संपतने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि समासात लिहिले, अकरा वाजून दहा मिनिटे.

"अन् खाली लिहा," ती पिशवी उचलत म्हणाली, "पुढल्या सोमवारी परत येनार हाय."

संपतने तेही लिहिले.